फ्रेट झिजतो कसा?

बेस गिटार एखाद्याच स्वरावर करकरू लागली की बहुतेक जण आधी तारा बदलतात. तरीही करकर थांबली नाही, की संशय पिकअपवर (तारेची कंपनं विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागावर) जातो. त्याआधी तार जरा बाजूला सारून खालचा फ्रेट, म्हणजे नेकवर (गिटारच्या लांब दांडीवर) आडवी बसवलेली धातूची पट्टी, तिरप्या उजेडात पाहावा. पहिल्या काही फ्रेटांवर, नेमकी तारेखाली, बारीक खाच दिसेल.

फ्रेट सहसा तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या, तारेच्या गाभ्याभोवतीचं वेटोळं सहसा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचं किंवा स्टेनलेस स्टीलचं असतं. आर्चर्ड यांनी 1953 साली मांडलेला नियम सांगतो, की झिजलेल्या धातूचं आकारमान भार आणि घसरलेलं अंतर यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात, तर झिजणाऱ्या धातूच्या काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असतं. या सूत्रात क्षेत्रफळ कुठेच नाही, आणि मला त्यातलं हेच फार सुंदर वाटतं! गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर. भार पेलण्याइतकी ती टोकं चेपतात, म्हणून खरं स्पर्शक्षेत्र भार भागिले काठिण्य एवढंच राहतं. सरकताना यातलीच काही टोकं तुटून जातात. नुसती दाबून धरलेली तार फारशी झिजवत नाही. व्हायब्रॅटो (दाबलेलं बोट हलवून स्वर डोलवणं) आणि स्लाइड (दाबलेलं बोट तारेवरून सरकवणं) झिजवतात. स्लाइड करताना तर वेटोळ्यांचे कंगोरे फ्रेटवरून कानशीसारखे फिरतात. चपटी पट्टी गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारेला हे कंगोरे नसतात.

खाचेत उतरलेली तार पुढच्या फ्रेटच्या जवळ जाते. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार (मोकळी असताना सेकंदाला सुमारे 41 वेळा) मोठ्या झोक्याने कंप पावते आणि त्या फ्रेटवर आपटते. करकर येते ती इथून. फ्रेटचा माथा सपाट झाला, तर सूरही हलतो. 34 इंची (कंप पावणाऱ्या मोकळ्या तारेची लांबी) बेसवर बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत (तार जिथे गिटारच्या अंगावर टेकते तिथपर्यंत) सुमारे 432 मिलिमीटर तार उरते. फ्रेटवरचा तारेचा टेकू ब्रिजकडे 1 मिलिमीटर सरकला, तर स्वर साधारण 4 सेंट चढतो (अर्ध्या स्वराचे 100 सेंट). विसाव्या फ्रेटवर तेवढ्यानेच 6 सेंटहून अधिक.

झिजलेल्या फ्रेटमुळे आवाज ‘मुरतो’ ही समजूत निराधार आहे. करकर नसेल, तर उथळ खाचेला हात लावू नये. असेल, तर आधी ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईने) नेक सरळ करावी, फिंगरबोर्डवर (फ्रेटांमधल्या लाकडावर) टेप लावावी, फ्रेटांचे माथे मार्करने रंगवावेत आणि सपाट कानस सगळ्यांवरून सारखी फिरवावी. खाचवाला एकच फ्रेट घासला, तर तो आणखी बुटका होतो आणि करकर वाढते. त्यानंतर गोलाई देणाऱ्या कानशीने माथे पुन्हा गोल करून पॉलिश पेपर मारावा. खाच इतकी खोल असेल की घासल्यावर उंचीच उरणार नाही, तिथे नवा फ्रेट बसवावा. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट जास्त कठीण, म्हणून खूप टिकतात. मात्र त्यांना घासताना कानसही लवकर बोथट होते.