बेब रूथ नाटकापायी विकला गेला?

अमेरिकेतल्या बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे चाहते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत: मालक हॅरी फ्रेझींनी ‘नो, नो, नॅनेट’ या संगीतिकेच्या खर्चासाठी आपला स्टार खेळाडू बेब रूथ प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यँकीज संघाला विकला. पण तारखाच जुळत नाहीत. सौदा डिसेंबर १९१९चा. संगीतिका ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यनगरीत, आली १९२५ साली. फ्रेझींनी तर १९२३मध्येच आख्खा संघ विकून टाकला होता!

पैशांची चणचण मात्र खरी. संघ घेतानाचं देणं आधीच्या मालकाला अजून चुकतं करायचं होतं, त्यात रूथला १०,००० डॉलरचा पगार दुप्पट हवा होता. रूथच्या विक्रीचे १ लाख डॉलरही एकरकमी नव्हते. २५,००० रोख, बाकी हप्त्यांनी. वर संघाचं मैदान फेनवे पार्क तारण ठेवून यँकीजच्या मालकाकडून ३ लाखांचं कर्ज.

‘नॅनेट’ ज्यावर बेतली ते ‘माय लेडी फ्रेंड्स’ हे फ्रेझींचं नाटक त्याच डिसेंबरात रंगमंचावर आलं होतं. अफवेला धागा मिळाला तो बहुधा इथूनच.