पीट मॉस वेगळं, कोकोपीट वेगळं: कटिंग लावण्याआधी एवढं वाचा

"पीटमध्ये कटिंग लावल्या होत्या, सगळ्या खालून काळ्या पडल्या" असं कुणी म्हणालं की मी आधी पिशवीचा फोटो मागते. बहुतेक वेळा ती कोकोपीटची वीट असते आणि कृती मात्र कुठल्यातरी अमेरिकन व्हिडिओतली, पीट मॉसची. दोन्ही तपकिरी, दोन्ही भुसभुशीत, दोन्ही पाणी धरून ठेवतात, म्हणून एकाच्या जागी दुसरं चालेल असं लोक धरून चालतात आणि मग मुळं फुटावीत म्हणून कापून लावलेल्या मोगऱ्याच्या, जास्वंदीच्या चांगल्या फांद्या वाया जातात.

कोकोपीट आपल्याला पाठ आहे, नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा, ६५० ग्रॅमची वीट भिजवली की साधारण ८ लिटर होतो, झालं. पीट मॉस म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेलं स्फॅग्नम नावाचं शेवाळ, त्याचा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. कॅनडातून, लाटविया-एस्टोनियाकडून येतं, म्हणून आपल्याकडे महाग.

चुन्याचं पटकन सांगते. पीटचा पीएच ३.५ ते ४.५, म्हणजे बराच आंबट, म्हणून त्यात चुना लागतो आणि तयार मिक्सच्या पिशवीत तो बहुतेक आधीच घातलेला असतो. कोकोपीट साडेपाच-साडेसहाच्या आसपास असतं, त्यात चुना घालायचं काहीही कारण नाही, तरी व्हिडिओत सांगितलं म्हणून चमचाभर घालणारे लोक बघितले की जीव तुटतो. कोकोपीटची खोड दुसरीच, त्यात मीठ असतं, सोडियम-पोटॅशियमचं, त्यामुळे 'वॉश्ड' (धुतलेलं) किंवा 'लो ईसी' (कमी क्षारांचं) लिहिलेलं नसेल तर दोन-तीनदा भिजवून पिळून पाणी फेकून द्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर पिळलेलं पाणी मोजून बघा.

आता खरी गोम. वरून कोरडं दिसलं याचा अर्थ दोघांत वेगवेगळा होतो, आणि जवळजवळ सगळं नुकसान इथेच होतं.

कोकोपीटचा वरचा थर वाऱ्याने, पंख्याने लगेच सुकतो, फिका पडतो, पण दोन बोटं खाली ते ओलंगच्च असतं. कटिंगचं कापलेलं टोक असतं कुठे, तर नेमकं तिथेच, चार-पाच सेंटिमीटर खाली. तुम्ही वरचा फिका रंग बघून रोज पाणी घालता, भुशातल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात, टोकाला हवा मिळत नाही आणि ते खालून वर काळं पडत जातं. मुळं नसलेल्या फांदीला ओल हवी तशी हवाही हवी, किंबहुना पावसाळ्यात आपल्याकडे ओल फुकट असते, कमी पडते ती हवाच.

पीटचं उलट आहे. ते ओलं असेपर्यंत अगदी गुणी, पण एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत घेतच नाही. गोळा आक्रसतो, कुंडीच्या कडेपासून सुटतो, तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं, तुम्हाला वाटतं झालं पाणी घालून, आणि मधला गाभा मात्र कोरडा ठणठणीत. तिथे फांदी कुजत नाही, सुरकुतते. अशा वेळी वरून ओतत बसू नका, ट्रे कोमट पाण्यात ठेवा आणि खालून पाणी चढू द्या. लावण्याआधीही पीट कोमट पाण्याने कालवून एक रात्र ठेवलेलं बरं. कोकोपीटला हे लाड लागत नाहीत, ते सुकलं तरी परत पाणी पितं.

परदेशातल्या आपल्या लोकांचं याच्या बरोबर उलट होतं. तिकडच्या दुकानातलं सीड स्टार्टिंग मिक्स, म्हणजे बिया रुजवायचं तयार मिश्रण, बहुतेक पीटचं, आणि पुण्याहून आई फोनवर सांगते "वरून चांगलं सुकल्याशिवाय पाणी घालू नकोस". कोकोपीटसाठी सल्ला अगदी बरोबर आहे, पण हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात पीट तेवढ्यात हातचं जातं.

म्हणून रंगावर जाऊ नका. पाणी घालून निथळल्यावर ट्रे उचलून वजन हाताला लक्षात ठेवा, मग रोज उचलून बघा. कोकोपीटचा ट्रे हलका लागला तरच पाणी, पीटचा पूर्ण हलका व्हायच्या आधीच पाणी.

माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात कटिंगसाठी पीटच्या मागे लागूच नका. धुतलेलं कोकोपीट आणि परलाइट (ज्वालामुखीच्या खडकाचे फुगवलेले हलके पांढरे दाणे) निम्मं निम्मं, पावसाळ्यात परलाइट थोडं जास्तच. परलाइट नसेल तर नदीची जाड वाळू चाळून, धुऊन. मूठभर मिश्रण घट्ट पिळलं तर एक-दोन थेंब पडावेत, धार लागली तर ते कटिंगसाठी नाही. आणि कृपा करून त्यात शेणखत, गांडूळखत घालू नका, मुळं नसताना फांदी खत घेत नाही, कुजण्याला मात्र आमंत्रण मिळतं. खताचं मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाल्यावर बघायचं, तेव्हा रोप नेहमीच्या कुंडीच्या मातीत हलवा, मुळांना चिकटलेला भुसा झटकत बसू नका, तसंच लावा.