'लिव्हरला सूज': कोविड, आयसीयू आणि यकृत यांची पार्श्वभूमी

कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत आयसीयूबाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांनी एक वाक्य हमखास ऐकले असेल: 'लिव्हरलाही थोडी सूज आहे.' सॅच्युरेशन किती, ऑक्सिजन किती लिटर, स्कोअर किती हे सगळे सांगून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता हे वाक्य यायचे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच कावीळ उभी राहायची. डोळे तर पिवळे नव्हते, दारूला कधी हात लावला नाही, मग हे मध्येच कुठून आले? सांगणाऱ्यासमोर मात्र बहुतेक वेळा दोनच आकडे असायचे, एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे रक्तातल्या दोन विकरांची (एन्झाइमची) मोजमापे. त्या आकड्यांचे 'सूज' कसे झाले आणि त्या शब्दामुळे उपचारांत काय घोळ झाले, तो या विषयाचा मोठा भाग आहे.

एसजीओटी ही तपासणी मुळात यकृतासाठी आलेलीच नाही. १९५४ मध्ये हार्ट अटॅकच्या रुग्णांच्या रक्तात ती वाढलेली आढळली. वर्षभरात यकृताच्या आजारांतही तशीच वाढ दिसली आणि पुढे ती यकृताच्या तपासण्यांत कायमची जाऊन बसली. हे विकर हृदयात असते, हातापायांच्या स्नायूंत असते, तांबड्या पेशींतही असते. घाईत रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. एसजीपीटी त्यापेक्षा यकृताशी अधिक बांधलेले. पण दोन्ही आकडे सांगतात ते एवढेच, की पेशींना इजा झाली आणि आतला माल बाहेर सांडला. यकृत काम किती करते आहे, हे त्यांवरून कळत नाही. तरीही रिपोर्टच्या डोक्यावर छापलेले असते 'लिव्हर फंक्शन टेस्ट'.

कोविडच्याच कुळातल्या विषाणूमुळे आलेल्या २००३ च्या सार्स साथीत हे आकडे बऱ्याच रुग्णांत वाढले होते आणि काहींच्या यकृताच्या तुकड्यांत विषाणूचा मागही लागला होता. २०१२ नंतरच्या मर्स या तशाच साथीतही आकडे वाढलेले दिसले. साथी आटोक्यात आल्या आणि प्रश्न अर्धवट राहिला.

मग वुहान. जानेवारी २०२० मध्ये पहिल्या ४१ रुग्णांची माहिती आली. त्यात आयसीयूतल्या १३ पैकी ८ जणांचे एसजीओटी वाढलेले होते. आयसीयूबाहेरच्या २८ पैकी फक्त ७ जणांचे. त्याच महिन्यात आलेल्या ९९ रुग्णांच्या नोंदीत ४३ जणांचे यकृताचे आकडे बिघडलेले होते आणि एकाचे एसजीपीटी तर साडेसात हजारांच्या वर गेले होते. जो जास्त आजारी त्याचे यकृत जास्त बिघडलेले, हे सूत्र पहिल्या महिन्यातच हाती आले. विषाणू यकृतावर थेट हल्ला करतो, की खूप आजारी माणसाचे यकृत कशानेही बिघडतेच, हे मात्र त्यातून ठरत नव्हते.

थेट हल्ल्याच्या बाजूने एक पुरावा लवकर पुढे आला. विषाणू पेशीत शिरण्यासाठी जो एसीई-२ हा दरवाजा वापरतो, तो यकृताच्या मुख्य पेशींवर फार कमी आणि पित्तनलिकांच्या पेशींवर भरपूर असल्याचे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. तसे असेल तर पित्तनलिकांच्या इजेची खूण, म्हणजे अल्कलाइन फॉस्फेटेज, आधी वाढायला हवी होती. बहुतेक रुग्णांत ती सुरुवातीला वाढतच नव्हती. मृत्यूनंतर तपासलेल्या यकृतांत चरबी साचलेली, बारीक रक्तवाहिन्यांत कुठे कुठे गुठळ्या, जळजळ मात्र बेताची, असे चित्र निघाले. विषाणूचे अंश काही यकृतांत सापडले, पण विषाणूजन्य काविळीत यकृताची जी दाणादाण उडते तशी दिसली नाही. 'कोविड हिपॅटायटिस' हा शब्द तेव्हा काही दिवस चालला आणि मग मागे पडला. 'सूज' मात्र राहिली.

आयसीयूत या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी झाकल्या जात होत्या, आणि चौघींचा उपाय वेगळा होता.

पहिली, रक्त कमी पडल्यामुळे झालेली इजा. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी 'शॉक लिव्हर'. रक्तदाब कोसळतो, रक्तातला प्राणवायू आधीच कमी असतो, आणि यकृतात मध्यवर्ती शिरेजवळच्या पेशींपर्यंत प्राणवायू सर्वांत शेवटी पोचत असल्याने त्या आधी मरतात. आकडे एक-दोन दिवसांत हजारांवर जातात आणि रक्तदाब सावरला की तितक्याच झपाट्याने उतरू लागतात. उपाय म्हणजे रक्तदाब आणि ऑक्सिजन सांभाळणे. यकृताची म्हणून वेगळी गोळी नाही.

दुसरी, तुंबलेले यकृत. व्हेंटिलेटरवर फुप्फुसे उघडी ठेवण्यासाठी छातीत दाब वाढवावा लागतो. त्या दाबामुळे यकृतातून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. त्यात फुप्फुसात गुठळी अडकली, उजव्या हृदयावर ताण आला, की यकृत खरोखरच फुगते. 'सूज' हा शब्द अक्षरशः लागू पडतो तो इथेच, आणि इथे एसजीपीटी थोडेच वाढलेले असते. आकडा लहान म्हणून सूज 'थोडी', असे सांगितले जायचे.

तिसरी, औषधांची इजा. सुरुवातीला एचआयव्हीवरची जोडगोळी, लोपिनाविर आणि रिटोनाविर, मग फॅविपिराविर, रेमडेसिव्हिर, टॉसिलिझुमॅब, सोबतीला अँटिबायोटिक आणि पॅरासिटामॉल. एकाच माणसाच्या तक्त्यावर एकाच आठवड्यात यांतली चार-पाच नावे असत. दोष कुणाचा, हे शोधायला एकेक औषध थांबवून पाहावे लागते, आणि तेवढी सवड २०२१ च्या एप्रिलमध्ये कुणाकडेच नव्हती. घरी घेतलेल्या काढ्यांचा प्रश्न तर क्वचितच विचारला गेला. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची मुंबईतली नोंद पुढे छापून आली, त्यावर सरकारी पातळीवरून जोरदार हरकतही घेतली गेली. ते रुग्ण कोविडच्या आयसीयूतले नव्हते, हे खरे. पण 'घरी आणखी काय घेत होता?' हा प्रश्न केसपेपरवर यायला हवा होता, याची आठवण त्या वादाने करून दिली.

चौथी गोष्ट यकृताची नाहीच. कोविडमध्ये स्नायू दुखतात, झिजतात, आणि एसजीओटी तिथूनही सांडते. एसजीओटी वाढलेले, एसजीपीटी जवळपास ठीक, असा रिपोर्ट आला की सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची खूण, तपासायला हवे. फार थोड्या ठिकाणी ते केले गेले.

यांत पूर्ण कावीळही मिसळायची. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की पित्त वाहून नेणारी यंत्रणाच मंदावते आणि एसजीपीटी फारसे न वाढताही बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, चढते. रक्ताचा नमुना यंत्रात फिरवून झाल्यावर नळीत वर आलेला द्रव गर्द पिवळा दिसला, की नातेवाइकांच्या अर्थाने 'सूज' आली होती. पण दुखणे यकृतात नव्हते, ते फुप्फुसातल्या नव्या जंतूंत किंवा सेंट्रल लाइनमध्ये, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीत, होते. अल्ब्युमिन हे यकृतात बनणारे प्रथिन घसरले म्हणजे यकृत गेले, असाही समज पसरला. तीव्र आजारात अल्ब्युमिन तसेही घसरते.

या शब्दाचा सर्वांत मोठा परिणाम रेमडेसिव्हिरवर झाला. जून २०२० मध्ये देशात त्याला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तेव्हाच्या केंद्रीय उपचारपद्धतीत एसजीओटी किंवा एसजीपीटी कमाल मर्यादेच्या पाचपटीहून जास्त असेल तर देऊ नये, असे लिहिले होते. मर्यादा ४० धरली तर २००. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या औषधासोबतच्या माहितीपत्रकात थांबवण्याचा विचार दहापटीनंतर करावा, असा बदल झाला. आपल्याकडच्या एप्रिल २०२१ च्या सूचनेत पाचपटीची अट राहिली, पण ती पूर्ण मनाई नव्हे, अशी पुस्ती जोडली गेली. ही पुस्ती किती जणांनी वाचली, हा प्रश्नच आहे. राज्यभर औषधदुकानांसमोर रांगा होत्या, ११ एप्रिलला निर्यात बंद झाली होती, लोक दागिने मोडून इंजेक्शन मिळवत होते. ते हातात आल्यावर 'लिव्हरला सूज आहे, देता येणार नाही' असे ऐकावे लागलेली घरे मला अजून विसरता येत नाहीत. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण शॉक लिव्हरमधून उतरणारे २२० आणि औषधामुळे चढणारे २२० यांत नियमाने फरक केला नाही, आणि तो न करण्याचा दोष 'सूज' या सरसकट शब्दाकडे जातो. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: हे इंजेक्शन मृत्यू कमी करत नसल्याचे मोठ्या जागतिक चाचणीने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितले होते. न मिळालेल्या डोसमुळे माणूस गेला, ही अनेकांच्या मनातली टोचणी त्या पुराव्याला धरून नाही.

ज्यांचे यकृत आधीच सिरोसिसने कडक झाले होते त्यांची कथा वेगळी आणि फार वाईट. अनेक देशांतल्या ७४५ रुग्णांच्या एकत्रित नोंदीत सिरोसिस नसलेल्यांपैकी ८ टक्के दगावले, सिरोसिस असलेल्यांपैकी ३२ टक्के, आणि सिरोसिसच्या शेवटच्या पायरीवरचे ५१ टक्के. त्यांच्या बाबतीत 'थोडी सूज' म्हणणे म्हणजे घरच्यांना अंधारात ठेवणे होते.

शेवटचा धडा साथ ओसरू लागल्यावर आला. महिना-महिना व्हेंटिलेटरवर राहून बचावलेल्या काही रुग्णांना घरी गेल्यावर अंगभर खाज सुटू लागली, लघवी गडद झाली. पित्तनलिका आतून झडून, आकसून गेल्या होत्या. यकृताला दोन बाजूंनी रक्त मिळते, पित्तनलिकांना मात्र एकट्या यकृत-धमनीचा आधार असतो. लांबलेल्या शॉकमध्ये तोच तुटतो. गंभीर आजारातून उठलेल्यांत हा प्रकार २००१ पासून माहीत होता, पण अत्यंत दुर्मिळ म्हणून. न्यूयॉर्ककडच्या एका नोंदीत रुग्णालयात राहिलेल्या २,०४७ कोविड रुग्णांपैकी १२ जणांत तो सापडला, निदानापर्यंत सरासरी ११८ दिवस गेलेले. झोपवून ठेवण्यासाठी दिवसेंदिवस चालवलेल्या केटामाइन या भुलीच्या औषधाकडेही बोट दाखवले गेले. काहींवर यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली. या रुग्णांत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वाढते ती अल्कलाइन फॉस्फेटेज, आणि डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांनी दाखवायला येताना आणायला सांगितलेल्या रिपोर्टांत बहुधा एकटे एसजीपीटी असायचे.