व्हॉट्सॲपची माहिती फेसबुककडे कशी गेली : पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ४ तारखेला राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा (म्हणजे पूर्वीची फेसबुक) कंपनीला बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने केलेला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड कायम ठेवला. मात्र वापरकर्त्यांची माहिती जाहिरातींसाठी मेटाला देण्यावर घातलेली पाच वर्षांची बंदी रद्द केली. १४ तारखेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम आले. या दोन्हींचं मूळ एकाच वादात आहे, आणि तो वाद बराच जुना आहे.

याहूमधून बाहेर पडलेल्या यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये उभं केलेलं व्हॉट्सॲप जाहिराती घेत नसे. पहिलं वर्ष फुकट, पुढे वर्षाला एक डॉलर, एवढाच त्यांचा हिशेब. कूम सोव्हिएत काळातल्या युक्रेनमध्ये लहानाचे मोठे झाले. फोनवर बोलताना आई मध्येच थांबायची आणि म्हणायची, हे फोनवर नको, भेटल्यावर सांगते. ही आठवण त्यांनी मार्च २०१४ मध्ये स्वतःच लिहिली. आधीच्या महिन्यात फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घेत असल्याचं जाहीर केलं होतं आणि वापरणाऱ्यांच्या मनात शंका होत्या. आम्ही तुमचं नाव विचारत नाही, तुमची जन्मतारीख आणि घरचा पत्ता आम्हाला ठाऊक नाही, आणि मालक बदलला तरी यात फरक पडणार नाही, असं आश्वासन त्यांनी दिलं. फेसबुकनेही हा व्यवहार तपासणाऱ्या युरोपीय आयोगाला सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप, खात्रीने जुळवणं आपल्याला शक्य नाही. ही माहिती दिशाभूल करणारी होती, असा ठपका ठेवून आयोगाने मे २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. खाती जुळवण्याची तांत्रिक शक्यता २०१४ मध्येच होती आणि फेसबुकच्या कर्मचाऱ्यांना ती माहीत होती, असं आयोगाला आढळलं होतं. पण तोवर व्यवहार होऊन अडीच वर्षं उलटली होती.

२०१६ हे या कहाणीतलं कळीचं वर्ष. एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपने सगळे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्ट केले. पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय मजकूर कुणालाच, अगदी कंपनीलाही, वाचता येणार नाही अशी ही सोय. ती खरी आहे आणि तिचं मोल मोठं आहे. पण मजकुराच्या भोवतीची माहिती त्या कुलुपाबाहेर राहते. नंबर कोणता, फोन कोणता, ॲप केव्हा आणि किती वेळ उघडलं, कुणाशी संपर्क झाला, हे सगळं. एखाद्याने सकाळी पॅथॉलॉजी लॅबला मेसेज केला, दुपारी कर्करोगाच्या रुग्णालयाला आणि रात्री उशिरा भावाला तीन वेळा फोन लावला, तर त्या घरात काय चाललंय हे कळायला एक अक्षरही वाचावं लागत नाही.

आणि त्याच वर्षी, २५ ऑगस्टला, नवं धोरण आलं. वापरकर्त्याचा फोन नंबर आणि ॲपच्या वापराचा तपशील फेसबुकला मिळणार होता. ते मान्य करायला फोनवर येणारा पडदा कसा होता हे नीट पाहण्यासारखं आहे. समोर मोठं ‘सहमत’ बटण. खाली बारीक अक्षरात ‘अधिक वाचा’. ते दाबलं तरच एक चौकट दिसायची, आणि फेसबुकवरच्या जाहिराती सुधारण्यासाठी माझी माहिती द्यावी यावर आधीच खूण केलेली असायची. खूण काढली तर नकार, नाही काढली तर होकार. नंतर नकार द्यायला फक्त ३० दिवस. ज्याने काहीच वाचलं नाही त्याचा होकार गृहीत धरला गेला. माझ्या मते पुढच्या सगळ्या कोर्टकचेऱ्यांचं मूळ या एका चौकटीत आहे.

भारतात दोन विद्यार्थी याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने सांगितलं की २५ सप्टेंबरपर्यंत जे खातं बंद करतील त्यांची माहिती पुसा, आणि जे राहतील त्यांची त्या तारखेआधीची माहिती फेसबुकला देऊ नका. त्यानंतरच्या माहितीबद्दल आदेशात काही नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तिथे आणखी मोठा प्रश्न आधीच येऊन पडला होता. आधारविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये केलेल्या याचिकेत केंद्र सरकारचा युक्तिवाद असा होता की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. त्यासाठी १९५४ आणि १९६२ च्या निकालांचा आधार घेतला जात होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो खोडून काढला. खासगीपणा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच आहे, असं त्यांनी लिहिलं. धोका फक्त सरकारकडून आहे असंही त्यांनी मानलं नाही. न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या निकालपत्रात उबर आणि फेसबुकचं नाव घेऊन लिहिलं की एकीला आपण कुठे जातो ते कळतं, दुसरीला आपले मित्र कोण ते.

निकालाच्या काही दिवस आधीच माहिती संरक्षण कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमली गेली होती. अध्यक्ष न्या. बी. एन. श्रीकृष्ण, म्हणजे १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष. समितीचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला. त्याच वर्षी केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण फुटलं. एका ॲपमधून फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं, पण त्यांच्या मित्रयाद्यांतून सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता फेसबुकने मान्य केली. आपण काही केलं नाही तरी ओळखीच्याने दाबलेल्या बटणामुळे आपली माहिती जाते, हे त्या आकड्यांनी लख्ख दाखवलं. ॲक्टन तोवर कंपनी सोडून गेले होते आणि फेसबुक खोडून टाका असं जाहीरपणे सांगत होते. कूमही त्या वर्षी बाहेर पडले.

२०१९ मध्ये उघड झालेलं पेगासस हा वेगळ्या जातीचा मामला. इथे व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमधली त्रुटी वापरून फोनमध्ये हेरगिरीची प्रणाली घुसवली गेली आणि व्हॉट्सॲप स्वतः तिच्या इस्रायली निर्मात्यांविरुद्ध कोर्टात गेलं. जगभरातल्या सुमारे १४०० जणांत भारतातले वकील, पत्रकार आणि कार्यकर्ते होते, त्यांपैकी काही भीमा कोरेगाव खटल्याशी संबंधित.

मग जानेवारी २०२१. व्हॉट्सॲपने पुन्हा धोरण बदललं आणि या वेळी ती चौकटही ठेवली नाही. मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. युरोपातल्या लोकांसाठी नियम वेगळे, कारण तिथे २०१८ पासून कडक कायदा लागू होता. भारतात ५३ कोटी वापरकर्ते असूनही तसा कायदा नव्हता. फेब्रुवारीतल्या सुनावणीत सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी कंपनीला सुनावलं की तुम्ही दोन-तीन ट्रिलियनची कंपनी असाल, पण लोकांना पैशापेक्षा खासगीपणा मोलाचा वाटतो. नागपूरचे बोबडे २०१७ च्या त्या नऊ न्यायमूर्तींपैकी एक होते.

अखेर दणका दिला तो स्पर्धा आयोगाने. शाळेचा गट, सोसायटीचा गट, दुकानदार, डॉक्टर सगळे एकाच ॲपवर असताना ‘मान्य नसेल तर सोडा’ याला निवड म्हणता येत नाही, बाजारातल्या वर्चस्वाचा तो गैरवापर आहे, या दिशेचा त्याचा निष्कर्ष होता. नोव्हेंबर २०२४ मधला २१३ कोटींचा दंड त्यातूनच आला. संमतीचा मुद्दा स्पर्धेच्या कायद्यातून सोडवावा लागला, कारण खासगीपणाचा कायदा तयारच नव्हता. २०१९ चं विधेयक संयुक्त समितीकडे जाऊन ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, नवं ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालं आणि नियमांना आणखी दोन वर्षं लागली.

हा कायदा एकदम लागू होत नाही. संमती स्पष्ट आणि मोकळेपणाने घ्यावी, दिलेली संमती मागे घेता यावी, माहिती पुसून मागता यावी या बाबतीतल्या कंपन्यांवरच्या जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अंमलात येतील. मात्र याच कायद्यातलं एक कलम नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागू झालं. त्याने माहिती अधिकार कायद्यात बदल केला आणि वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या तरतुदीतली व्यापक जनहिताची अट तिथून काढून टाकली. जनहिताची वेगळी तरतूद त्या कायद्यात शिल्लक आहे, पण ‘वैयक्तिक’ म्हणून अर्ज फेटाळणं अधिकाऱ्याला आता पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. केंद्राच्या आधी, २००२ मध्येच, माहिती अधिकाराचा कायदा केलेल्या महाराष्ट्रात रेशन, रस्ते आणि बदल्यांचे कागद मागणाऱ्यांना हा बदल आजच लागू आहे, आणि मेटाला मे २०२७ पर्यंत वेळ मिळाला आहे.