पेलेट टणक झाले, पण आटले का? पृष्ठ-विसरण आणि कणसीमा-विसरण

भट्टीतून निघालेले पेलेट (पावडर दाबून केलेली वडी) नखाने खरवडत नाही, एवढ्यावर सिंटरिंग, म्हणजे न वितळवता तापवून कण जोडणे आणि छिद्रे भरणे, झाले असे धरू नका. टणकपणा पृष्ठ आणि कणसीमा या दोन्ही विसरणांनी (अणूंच्या सरकण्याने) येतो, घनता मात्र एकाच प्रकाराने वाढते.

दोन्हींत अणू जातात दोन कणांमधल्या मानेकडेच, म्हणजे कण जिथे जोडले जातात त्या अरुंद भागाकडे. फरक आहे तो ते निघतात कुठून, याचा. पृष्ठ-विसरणात अणू कणाच्या बाहेरच्या पृष्ठावरून सरकत मानेत येतात. मान जाड होते, पण कणांच्या केंद्रांतले अंतर तसेच राहते. कणसीमा-विसरणात अणू दोन कणांच्या मधल्या सीमेतूनच बाहेर पडतात, म्हणून केंद्रे जवळ येतात आणि छिद्रे भरतात. दाबलेले कच्चे पेलेट 50 टक्के घनतेचे असेल, तर पूर्ण घनतेला प्रत्येक माप सुमारे 20.6 टक्के घटले पाहिजे: 20 मिमीचा व्यास 15.9 मिमी. म्हणून भट्टीआधी आणि नंतर व्हर्नियर लावाच.

मुंबईतल्या डेंटल लॅबमध्ये येणारा झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइडचा) खडूसारखा ब्लॉक हे टणक झाले पण आटले नाही, या अवस्थेचे चांगले उदाहरण. तो मुद्दाम कमी तापमानावर भाजलेला असतो: धरण्याइतका मजबूत, पण सच्छिद्र. दात त्यातून मोठ्या मापाने कोरतात आणि मग 1500 अंश सेल्सियसच्या आसपास आटवतात.

पृष्ठ-विसरणाला साधारणपणे कमी ऊर्जा लागते, त्यामुळे कमी तापमानावर तेच पुढे असते. बारीक अ‍ॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) 900 ते 1100 अंशांवर तासन्‌तास ठेवला, तर कण जाड होतात, आटणे नगण्य. पुढे 1550 अंशांवर दोन तास दिले तरी भरपाई होत नाही, कारण कणसीमा-विसरणाने घनता वाढण्याचा वेग कणाच्या आकाराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. कण दुप्पट झाला की वेग सोळावा हिस्सा! बाइंडर (पावडर बांधून ठेवणारा पदार्थ) जळून जाईपर्यंत, म्हणजे 600 अंशांपर्यंत, तापमानवाढ मिनिटाला एक अंश ठेवा. त्यानंतर कण जाड करणारा हा टप्पा लवकर ओलांडायला छोटी पेलेट मिनिटाला 5 ते 10 अंशांनी वर न्या. जाड नमुन्याला हा वेग तडा देऊ शकतो, तिथे तडजोड करावीच लागते.

न आटण्याचे एक कारण भट्टीबाहेरचे असते आणि तेच सर्वांत जास्त निसटते. झिर्कोनियम ऑक्सिक्लोराइडपासून अमोनियाने पावडर काढली आणि धुणे अर्धवट राहिले, तर उरलेले क्लोराइड तापल्यावर बाष्परूपाने पदार्थ एका पृष्ठावरून दुसऱ्यावर नेते. हे पृष्ठ-विसरण नव्हे, पण परिणाम तोच: कण जाड, आटणे नाही. गाळलेल्या पाण्यात सौम्य नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट टाका. पांढरी गढूळता दिसेनाशी होईपर्यंत धुवा. धुवायला डिस्टिल्ड पाणीच घ्या. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते, त्यामुळे चाचणी फसते.

यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) घातलेल्या झिर्कोनियात ऑक्सिजन आयन वेगाने धावतो, म्हणून तो लवकर आटेल, हाही गैरसमज. विद्युतभाराचा तोल राखायला धन आणि ऋण आयन दोघांनाही सरकावे लागते, आणि वेग ठरवतो मंद असलेला झिर्कोनियम.

घनता आर्किमिडीज पद्धतीने मोजताना नमुना आधी 110 अंशांवर स्थिर वजनापर्यंत वाळवा, पावसाळ्यात तर नक्कीच. सच्छिद्र पेलेट हवेतला ओलावा धरते. कोरडे वजन भागिले (भिजलेले वजन वजा पाण्यात टांगलेले वजन), गुणिले पाण्याची घनता. एसी नसलेल्या खोलीत 30 अंशांना ती 0.9957 ग्रॅम प्रति घन सेंमी असते. तिथे 1 धरले, तर 6.05 च्या झिर्कोनियाची घनता 0.026 ने फुगून दिसते.