डॉलरवरचा डोळा आणि फ्रीमेसन: वादामागची पार्श्वभूमी

अमेरिका फ्रीमेसन (गुप्त विधी पाळणारी एक जुनी बंधुसंघटना) लोकांनी घडवली, राज्यघटना त्यांच्या लॉजमधे (म्हणजे सभासद जमतात ती स्थानिक शाखा) शिजली, आणि पुरावा हवा तर एक डॉलरची नोट उलटी करून बघा, हा फॉरवर्ड दर थोड्या दिवसांनी फिरतोच. नोटेच्या मागे पिरॅमिड आहे, टोकाला त्रिकोणात डोळा आहे, पायथ्याशी रोमन आकड्यांत 1776 आहे, हे सगळं खरंय. फक्त ते नोटेवर आलं 1935 मधे, तोपर्यंत वॉशिंग्टनना जाऊन 136 वर्षं झाली होती, आणि ही तारीख फॉरवर्डमधे कधीच नसते.

झालं असं की 1934 मधे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या शेतीमंत्र्यांच्या हाती अमेरिकेच्या राजमुद्रेच्या इतिहासाची एक सरकारी पुस्तिका लागली. मुद्रेची गरुडवाली बाजू सगळ्यांच्या ओळखीची, पण पिरॅमिड आणि डोळा असलेली मागची बाजू 1782 ला मंजूर झाल्यापासून अडगळीतच पडून होती, तिचा शिक्का म्हणून कधी वापरच झाला नव्हता. मंत्रीसाहेबांना त्यावरचं लॅटिन वाक्य आपल्या 'न्यू डील'ला (मंदीतून देश सावरायचा रूझवेल्टचा कार्यक्रम) एकदम फिट वाटलं आणि त्यांनी याचं एक नाणं काढूया असं सुचवलं. रूझवेल्टना कल्पना आवडली पण ते म्हणाले नाणं कशाला, डॉलरच्या नोटेवरच घेऊ. आता हे दोघंही मेसन होते बरं का. मंत्र्यांनी पुढे पत्रात लिहून ठेवलंय की रूझवेल्टची नजर आधी त्या डोळ्यावरच गेली, कारण मेसन लोकांत ती विश्वाच्या रचनाकाराची खूण, आणि कॅथलिकांना हे खटकेल का म्हणून त्यांनी मंत्रिमंडळातल्या एका कॅथलिक सहकाऱ्याला विचारूनही घेतलं, तो म्हणाला काही हरकत नाही. नमुना आला त्यात गरुड डावीकडे होता, तर रूझवेल्टनी स्वतः त्यावर खुणा करून बाजू बदलायला लावल्या, म्हणून आज पिरॅमिड डावीकडे दिसतो. मेसन हात दाखवायचाच असेल तर तो इथे दाखवा ना, कागदोपत्री सापडतो. पण तोच हात दीडशे वर्षं मागे नेऊन लावला की मग कशालाच काही धरबंध राहत नाही.

मुद्रा ठरवायला तीन समित्या आणि सहा वर्षं लागली. 1776 च्या पहिल्या समितीत फ्रँकलिन, जेफरसन आणि ॲडम्स, त्यात मेसन एकटे फ्रँकलिन, आणि त्यांनी काय सुचवलं तर बायबलच्या गोष्टीतला समुद्राकाठी उभा मोझेस आणि पाण्यात बुडणारा इजिप्तचा राजा फेरो! डोळा सुचवला तो समितीने मदतीला घेतलेल्या एका चित्रकाराने, त्याचं नाव कुठल्या लॉजच्या यादीत मिळत नाही, आणि त्रिकोणातला डोळा तेव्हा युरोपातल्या चर्चमधे देवाची खूण म्हणून आधीपासूनच रंगवलेला असायचा. अर्धवट बांधलेला 13 पायऱ्यांचा पिरॅमिड 1778 च्या 50 डॉलरच्या नोटेवर येऊन गेला होता. 1782 ला ज्या दोघांनी हे सगळं जुळवून शेवटचा आराखडा दिला ते मेसन असल्याचा पुरावा नाही. उलट अमेरिकन लॉजच्या एका गाजलेल्या हँडबुकात हा डोळा छापून आला 1797 मधे, म्हणजे मुद्रेनंतर 15 वर्षांनी.

मग मेसन नेते नव्हतेच का? होते की. फ्रँकलिन 1734 मधे पेनसिल्व्हेनियाचे ग्रँड मास्टर, म्हणजे तिथल्या मेसन लोकांचे प्रमुख झाले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या 56 जणांत पक्के मेसन धरले जातात ते 9 आणि घटनेवर सह्या करणाऱ्या 39 जणांत 13. जेफरसन आणि ॲडम्स या यादीत नाहीत, तरी फॉरवर्डवाले त्यांनाही बिनदिक्कत ओढतात. शिवाय एकच शपथ घेतलेली माणसं स्वातंत्र्ययुद्धात दोन्ही बाजूंना होती. फ्रँकलिन मेसन, त्यांचा इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेला गव्हर्नर मुलगाही मेसन, आणि इंग्रजांना जाऊन मिळालेला बेनेडिक्ट अर्नोल्डपण मेसनच. माझ्या मते लॉजचा खरा उपयोग वेगळा होता, वेगवेगळ्या चर्चची आणि धंद्यांची माणसं एका टेबलावर बसायची, ओळखी व्हायच्या, परक्या गावात गेलं तरी दार उघडायचं. आपल्याकडे मुंबईत 1843 ला भारतीयांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' लॉज निघाला आणि पारशी मंडळी त्यात गेली, त्यातही मोठा भाग या ओळखीपाळखीचाच असावा.

वॉशिंग्टन 4 नोव्हेंबर 1752 ला फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमधे दाखल झाले, वय 20. 1789 ला न्यूयॉर्कमधे राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती तिथल्या लॉजच्या बायबलवर आणि 1793 ला कॅपिटॉलची कोनशिला ॲप्रन वगैरे घालून रीतसर मेसन विधीने बसवली, तेही भर दिवसा मिरवणूक काढून, म्हणजे गुपचूप असं काही नव्हतंच. पण 1798 मधे एका पाद्र्याने त्यांना एक पुस्तक पाठवून कळवलं की जर्मनीतल्या बव्हेरियातली इल्युमिनाटी ही गुप्त संघटना तुमच्या लॉजमधे घुसलीये, सावध व्हा. ती संघटना तिकडच्या सरकारने 1785 पर्यंत बंद पाडली होती, पण फ्रेंच क्रांतीच्या धसक्यामुळे तेव्हा लोकांना काहीही पटत होतं. वॉशिंग्टनचं उत्तर उपलब्ध आहे, गेल्या तीस वर्षांत मी एकदोनदाच लॉजमधे गेलो असेन, आणि इथले लॉज त्या विचारांनी बाटलेत असं मला वाटत नाही. पुढच्या पत्रात ते म्हणतात की ती मतं अमेरिकेत आलीच नाहीत असं काही मी म्हणत नाही. फॉरवर्डमधे तेवढंच दुसरं वाक्य येतं, पहिलं गायब.

खरा भडका उडाला 1826 ला. न्यूयॉर्क राज्यात बटाव्हिया गावच्या एका माणसाने लॉजचे विधी छापून उघडे करणार असं जाहीर केलं, मग त्याला किरकोळ उधारीवरून तुरुंगात टाकलं, कुणीतरी पैसे भरून बाहेर काढलं, घोडागाडीत कोंबून नायगाराकडे नेलं आणि नंतर तो कुणालाच दिसला नाही. आरोपी मेसन, शिक्षा अगदीच किरकोळ, आणि शेरीफपासून ज्युरीपर्यंत मेसन भरलेत हा संशय, ज्यात बरंच तथ्य होतं. लोक इतके खवळले की गावोगावचे लॉज बंद पडले आणि मेसनविरोधी नावाचाच पक्ष उभा राहिला. 1831 ला त्याने बाल्टिमोरमधे देशभरातून प्रतिनिधी बोलावून राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवला, तोही एकेकाळचा मेसन निघाला हे वेगळंच, आणि 1832 ला त्याला एकटं व्हर्मोंट मिळालं. पक्ष थोड्याच वर्षांत विरघळला. पण असं अधिवेशन भरवून उमेदवार ठरवायची पद्धत देशपातळीवर त्याने पहिल्यांदा वापरली, ती पुढे इतर पक्षांनी लगेच उचलली आणि डेमोक्रॅट-रिपब्लिकन अजूनही दर चार वर्षांनी तेच करतात.