'शोध घेतला' की 'शोध लावला'?

रेवदंड्यात गेल्या पावसाळ्यापासून एका पत्त्यांच्या खेळाची चाचणी चालू आहे. खेळाडू चार-पाच, पण सगळे एकाच बाजूचे. इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझहून घोडा घेऊन शेजारच्या चौलला उतरलेला पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी अफनासी निकितीन घाट चढून जुन्नरला, तिथून बीदरला आणि शेवटी दाभोळच्या बंदरात पोचवायचा. तो गलबतावर चढला तर सगळे जिंकले, वाटेत अडकला तर सगळे हरले. पत्ते अजून छापलेले नाहीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहिलेले आहेत. नियम बऱ्यापैकी ठरलेत. काम अडलं आहे ते नावावरून.

कोकणाला पत्ते नवे नाहीत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० गोल पत्त्यांची: दहा अवतार, राजा आणि प्रधान धरून प्रत्येकाची बारा पानं, दिवसा मान रामाचा आणि रात्री कृष्णाचा. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गंजिफेत हात जिंकायचे असतात. त्यामुळे हा खेळ तिच्यातून निघाला असं म्हणणं ओढूनताणून होईल.

त्याचं खरं कूळ अगदी अलीकडचं आहे. सगळ्यांनी मिळून खेळाशीच लढायचं, ही कल्पना १९८७ च्या 'अर्कहॅम हॉरर' या पटावरच्या खेळात होती, पण घरोघरी गेली ती २००८ च्या 'पँडेमिक' या खेळामुळे. त्यात एक खोट लगेच दिसली. अनुभवी खेळाडू सुकाणू धरतो आणि बाकीचे त्याने सांगितलेली सोंगटी हलवत बसतात. पत्त्यांमध्ये त्यावर उतारा सोपा आहे, हातातली पानं दाखवायची नाहीत. गोष्ट खेळात शिरली ती त्यानंतर. २०१५ च्या 'पँडेमिक लेगसी'त एका डावात ओढवलेलं संकट पुढच्या डावात तसंच उभं राहतं आणि काही पत्ते तर कायमचे फाडून टाकावे लागतात.

२०१७ साल मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी 'द लॉस्ट एक्स्पिडिशन' आला. १९२५ मध्ये ब्राझीलच्या जंगलात प्राचीन नगर शोधायला गेलेला एक इंग्रज मुलासह बेपत्ता झाला, त्याच्या वाटेवरचा हा खेळ. सकाळच्या चालीत टाकलेली पानं क्रमांकाप्रमाणे लावायची, संध्याकाळच्या चालीत टाकली त्याच क्रमाने भोगायची. अन्न, गोळ्या आणि प्रकृती पुरवून वापरायची. रेवदंड्याच्या खेळाने ही सकाळ-संध्याकाळ जवळजवळ जशीच्या तशी घेतली आहे. त्याच वर्षी 'स्पिरिट आयलंड'ही आला, आणि त्यात खेळाडू बेटाच्या बाजूने असतात, बाहेरून आलेल्यांना हुसकून लावतात. एकाच वर्षी नकाशाच्या दोन्ही बाजूंनी खेळता येऊ लागलं. मळ्यांवर राबणाऱ्या तपकिरी सोंगट्यांवरून वर्षानुवर्षं टीका झालेला 'पोर्तो रिको' हा खेळसुद्धा २०२२ च्या आवृत्तीत गुलामगिरी संपल्यानंतरच्या १८९७ सालात नेऊन नव्याने मांडला गेला.

आता नावाचा वाद. मराठीत 'शोध' हा एकच शब्द दोन अगदी वेगळी कामं करतो. सांजवेळी न परतलेल्या गाईचा शोध घेतात, आणि कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला असं म्हणतात. 'घेतला' म्हणजे हिंडलो, चार जणांना विचारलं. 'लावला' म्हणजे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं. खेळ तयार करणाऱ्यांपैकी काहींना डब्यावर 'शोधयात्रा' हवं आहे, काहींना 'सफर'. 'मोहीम'ही सुचवून झालं, पण रायगड जिल्ह्यात मोहीम म्हटलं की डोळ्यांपुढे फौजच उभी राहते. 'सफर'वाल्यांचं म्हणणं असं की ज्या बंदरात हजार वर्षं गलबतं लागत होती, त्याचा कसला शोध? हे मला पटतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्द्यांच्या वाटपुस्तिकेत चौल 'सेमिल्ला' म्हणून नोंदलेलं आहे, निकितीनच्या चौदाशे वर्षं आधी.

शाळेत सगळ्यांनी घोकलेलं वाक्य आठवा: वास्को द गामाने भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधून काढला. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीला त्याला वाटाड्या मिळाला, काही पोर्तुगीज नोंदींत तो गुजराती आहे. २४ एप्रिल १४९८ ला तिथून निघालेली गलबतं २० मेला कालिकतजवळ लागली. चार आठवडेही नाहीत. परतताना कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून ५ ऑक्टोबरला, ईशान्येचे वारे नीट सुरू होण्याआधीच शिडं उभारली आणि आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी उजाडली. ताजं अन्न न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने इतके खलाशी गेले की हाकायला माणसं नाहीत म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. समुद्र तोच होता, वाऱ्याचं वेळापत्रक जाणणारा माणूस तेवढा सोबत नव्हता.

हाच मुद्दा चाचणीत एका निवृत्त तांडेलाने, म्हणजे गलबत हाकणाऱ्या म्होरक्याने, एका वाक्यात मांडला. त्याने हातातली पानं पुढे-मागे केली. व्यापारी होता, दुभाषी होता, पहारेकरी होता. "यात तांडेल कुठं हाय?" त्याने विचारलं. तांडेलाचं पान नव्हतंच. ते दुसऱ्याच दिवशी लिहिलं गेलं, आणि आता ते हातात नसेल तर होर्मुझ ते चौल या टप्प्याला दुप्पट अन्न लागतं.

घोड्याचं पान मात्र पहिल्यापासून आहे, आणि ते निकितीनच्या स्वतःच्या टिपणांतून घेतलेलं आहे. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, मग घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी, असं म्हणून चार दिवसांची मुदत दिली. खोरासानच्या एका मुसलमानाने रदबदली केली आणि निकितीनला धर्म न बदलताच घोडा परत मिळाला. खेळात हे पान उघडलं की ज्याच्यावर आलंय त्याला ते सोडवता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी आपल्या हातातला 'खोरासानी व्यापारी' खर्ची घालावा लागतो, तोही न विचारता.

डब्यावरचं नाव अजून ठरलेलं नाही. आतल्या पानांवर मात्र निर्णय झाला आहे: 'शोध' शब्द येईल तिथे पुढे 'घेतला'च येईल. चौलच्या पानावर आधी लिहिलं होतं, "तुम्ही चौल बंदर शोधून काढलंत." ती ओळ खोडून खाली निळ्या पेनाने लिहिलंय, "तुम्ही चौलला पोचलात. तुमच्या आधी आलेली गलबतं खाडीत नांगरून उभी आहेत. उतरा आणि विचारा."